पाठीवरचा गूळ

माझी मुलगी फोनवर "आई, डोन्ट पॅनिक" म्हणाली की आधी माझे हातपाय गार पडतात आणि मग मी विचारते, काय झालं. घाबरण्यासारखं काही नसेल तर माणूस असं बोलतच नाही. त्या दिवशी सकाळी मी पोहे भिजवून कांदा चिरत होते. फेब्रुवारी लागला होता आणि इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आमच्या ड्राइव्हवेच्या कडेला साचलेला बर्फ काळा पडला होता.

"मी प्रेग्नंट आहे," ती म्हणाली, "आणि माझ्या ब्लड टेस्टमध्ये काहीतरी आलंय."

यातल्या कुठल्या वाक्याला आधी उत्तर द्यावं ते मला कळेना. इतके दिवस का लपवलंस म्हणून रागवायचीही सोय नव्हती. तीन महिने पुरे झाल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. माझ्या बाकीच्या उपदेशाकडे ती ढुंकून बघत नाही, पण एवढा एक तिने अगदी मनावर घेतला होता.

तिच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या होत्या. डॉक्टरचा फोन आला नव्हता. इथे डॉक्टरच्या आधी पेशंटच्या मोबाइलला कळतं, त्यामुळे ती आणि जावई पिस्कॅटवेच्या त्यांच्या घरी नाश्ता सोडून मोबाइलवर वाचत बसले होते आणि वाचून वाचून दोघांचे चेहरे उतरले होते.

मुलीचा रक्तगट ए निगेटिव्ह. आम्ही दोघं पॉझिटिव्ह असून ही निगेटिव्ह कशी, हा प्रश्न तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मला पडला होता. तेव्हा माझ्या नवऱ्याने पिझ्झावाल्याच्या जाहिरातीच्या पाठीमागे चार चौकोन काढून मला शिकवलं होतं. तो निवृत्त इंजिनिअर आहे, चौकोन काढल्याशिवाय त्याला काही सांगता येत नाही. प्रत्येकाला दोन वाटे मिळतात, तो म्हणाला, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. प्लसचा वाटा जोरकस. तो एक जरी आला तरी माणूस प्लस, आणि दुसरा मायनस असला तरी तो आत गुपचूप बसून राहतो. आम्हा दोघांतही असा एकेक मायनस लपलेला असणार. चारातल्या एका चौकोनात दोन्ही मायनस एकत्र येतात, त्या चौकोनात आपली मुलगी पडली.

"तुझ्यातला मायनस कुणाचा?" त्याने विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. आईचा रक्तगट मी तिला कधी विचारलेलाच नव्हता.

त्या पहिल्या वेळी सगळं सुरळीत पार पडलं. नात प्लस निघाली, मुलीला ठरलेली इंजेक्शनं दिली गेली आणि आम्ही सगळे तो विषय विसरून गेलो. आता नात चार वर्षांची आहे आणि मला 'आजी, यू आर टू लाउड' असं ऐकवते.

मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाली त्या दिवशी जावयाच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून मी बरोबर गेले. नातीला सर्दी झाल्यामुळे डेकेअरवाल्यांनी घेतलं नव्हतं, त्यामुळे तीही आली. डॉक्टर बाई शांत होत्या. मला शांत डॉक्टरांची जास्त धास्ती वाटते. त्यांनी मुलीला बरंच विचारलं. मागच्या वेळी इंजेक्शन वेळेवर मिळालं होतं का? मिळालं होतं. या वेळी काही ब्लीडिंग झालं का? मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि "नो" म्हणाली. आईसमोर असले प्रश्न नको वाटत असतील, असं मी समजले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तरी पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. ते सुखरूप जन्मतं. पण जन्मताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. पुढचं बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं की ती तयारी त्याच्या रक्तावर चालून जाते. इंजेक्शन निघालं तेव्हापासून हे फारसं होत नाही, पण क्वचित होतं. त्याआधीच्या काळात काही घरांत पहिलं मूल तेवढं जगायचं आणि पाठची एकामागून एक जायची.

"पिवळी होऊन?" मी इंग्रजीत विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. हो, म्हणाल्या, काही जन्मल्याबरोबर पिवळी होऊन आणि काही पोटातच. तुमच्या ओळखीत कोणाचं झालं होतं का?

मी मान हलवली, ती हो अशी की नाही अशी, माझं मलाच कळलं नाही. नात माझ्या मांडीवर बसून माझ्याच ओढणीला नाक पुसत होती.

सांगलीला आमचं घर एकत्र होतं. मी आईची पहिली. मी नातीएवढीच असताना मला भाऊ झाला, तो हळद लावल्यासारखा पिवळा होता आणि आठवडाभरात गेला. त्यानंतर दोनदा आई दवाखान्यात गेली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परत आली. शेजारच्या मैत्रिणीला भाऊ झाला तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीवर गूळ फोडला. मुलीच्या पाठीवर मुलगा झाला की तिची पाठ चांगली म्हणून तिच्या पाठीवर गुळाचा खडा ठेवून हलक्या हाताने फोडायचा आणि तो सगळ्यांना वाटायचा. तिने तिचा तुकडा माझ्यासमोर चोखत चोखत, मिटक्या मारत खाल्ला. मी घरी येऊन विचारलं, माझ्या पाठीवर कधी फोडणार?

मोठ्या काकू, म्हणजे माझ्या वडिलांच्या वहिनी, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिची पाठ बरी नाही. हिच्या पाठीवर काही टिकायचं नाही."

आई तिथेच होती. ती काही बोलली नाही. घरात मोठ्या काकूंपुढे बोलायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पुढे कोणाच्याही बारशाला काकू मला पाळण्याच्या दोरीला हात लावू द्यायच्या नाहीत. "तू तिकडे पेढे वाट," म्हणायच्या. मी पेढे वाटत मोठी झाले. मग इंजिनिअरिंग केलं, लग्न झालं, इकडे आले आणि त्या अडाणी बाईचं काय ऐकायचं, असं स्वतःला समजावून मोकळी झाले. निदान मोकळी झाले असं मला वाटत होतं.

आणि आता न्यू जर्सीतल्या त्या स्वच्छ खोलीत एक शिकलेली बाई मला कारणासकट तेच सांगत होती. मला कोणी दोष देत नव्हतं, हे मला कळत होतं. जन्माला येताना मी काय केलं असतं? पण माझंच रक्त आईच्या अंगात राहिलं आणि त्याच्यापायी माझी तीन भावंडं गेली, एवढं वाक्य डोक्यात बसलं ते बसलं. गाडीत मागच्या सीटवर नात बेसूर गात होती. आरशात ती मला दिसत होती, आणि पोटातल्या बाळाइतकीच मला तिचीही भीती वाटायला लागली. या बाळाला काही झालं तर उद्या हिला कोण काय म्हणेल? इथे मोठ्या काकू नाहीत. पण मोबाइल आहे, आणि वाचता यायला लागलं की ती स्वतःच वाचेल.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की अँटीबॉडीचा आकडा सध्या लहान आहे, महिन्याभराने पुन्हा बघू. मधल्या काळात मुलीच्याच रक्तावरून बाळाचा रक्तगट कळणार होता. बाळ निगेटिव्ह निघालं तर सगळं मिटलं, अँटीबॉडी त्याच्या वाटेला जाणारच नाहीत. जावयाने नागपूरला फोन करून गप्पांच्या ओघात वडिलांचा रक्तगट काढून घेतला. ते निगेटिव्ह निघाले. म्हणजे जावयात एक मायनस नक्की, म्हणजे निम्मी आशा. नवऱ्याने पुन्हा चौकोन काढले. मी तो कागद फ्रीजवर लावला आणि येता-जाता त्यातल्या मायनसला मनातल्या मनात हात जोडत राहिले.

बाळ प्लस निघालं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. काही ना काही करून पिस्कॅटवेला जायची. वरणभात, मऊ खिचडी, भोपळ्याची भाजी, डबे घेऊन जायची आणि मुलीच्या तोंडाकडे बघत बसायची. जरा पिवळी दिसते का ही, असं वाटायचं, खरं तर पिवळं व्हायचं ते बाळाने. शेवटी ती वैतागली. "आई, प्लीज. तुझा फेस बघून मला जास्त भीती वाटते. तू दोन दिवस येऊ नकोस." मी डबा ओट्यावर ठेवला आणि निघाले. गाडीत बसून रडले आणि मग डोळे पुसून भाजी घ्यायला गेले.

पुण्याला माझी मावसबहीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पंचवीस-तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे तिची. पहिल्या दिवसापासून मला तिला विचारायचं होतं, पण मुलीने बजावलं होतं, "कोणाला सांगायचं नाही. मावशीला तर अजिबात नाही." का, ते सांगितलं नव्हतं. डिसेंबरात याच मावशीच्या मुलाच्या लग्नाला मुलगी, जावई आणि नात पुण्याला जाऊन आले होते. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन असल्याने आम्ही गेलो नव्हतो. तिकडे काही रुसवेफुगवे झाले असतील, असं मी धरून चालले होते. पण घरी बसवलेल्या बाईला किती दिवस गप्प राहता येतं? दुसऱ्याच सकाळी मी पुण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती आणि तिची ओपीडी संपत आली होती.

मी धडाधडा सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "अगं, अँटीबॉडी सापडणारच ना! मीच तर तिला अँटी-डी दिलं होतं."

"काय दिलंस?"

"तेच इंजेक्शन, जे तुमच्याकडे देतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला थोडं स्पॉटिंग झालं. मी क्लिनिकमध्ये आणून सोनोग्राफी केली, बाळ छान होतं. तरी ती निगेटिव्ह, म्हणून देऊन ठेवलं. त्या इंजेक्शनात अँटीबॉडीच असतात, त्या दोन-तीन महिने रक्तात दिसतात. तिकडच्या डॉक्टरला सांगितलं नाही तिने? तुला पण नाही?"

मी खुर्चीत बसले. मला हसू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

"एवढ्याशा स्पॉटिंगला मी एरवी कदाचित थांबले असते," ती पुढे म्हणाली, "पण मावशीचं सगळं माहीत असताना कशी थांबणार? मावशीनेच मला सांगून ठेवलंय, नात माझ्यासारखी निगेटिव्ह आहे, तिच्याकडे लक्ष ठेव."

मावशी म्हणजे माझी आई, आणि तिची नात म्हणजे माझी मुलगी. मी विचारलं, "आईला माहीत आहे? ती निगेटिव्ह आहे, आणि त्याने काय झालं, ते?"

बोलायला नको होतं ते आपण बोलून गेलो, हे तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, "तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच तिला सगळं समजावलं होतं. तू तेव्हा अमेरिकेत नवी होतीस. तिने मला शपथ घातली होती, माझ्या मुलीला हे कधी कळू द्यायचं नाही."

आईवर रागवावं की काय करावं, ते कळत नव्हतं. आधी मुलीचं बघायला हवं होतं, म्हणून बंदी मोडून तशीच तिच्या घरी गेले.

"तू बाजूला बसली होतीस!" ती म्हणाली. "मी ब्लीडिंग म्हटलं असतं तर तू तिथेच पडली असतीस. नंतर मेसेज करणार होते डॉक्टरला, पण मग भीती वाटली. खोटं बोलले म्हणून. आणि मावशीला काही म्हणतील म्हणून. मला काय माहीत ते तेच इंजेक्शन होतं? दोन दिली तिने. मला वाटलं बेबी टिकायची आहेत."

एक बाळ टिकण्यासाठीच होतं, दुसरं हे अँटी-डी. मला तिला चार शब्द सुनवायचे होते. पण मला काळजी वाटू नये म्हणून ती डॉक्टरशी खोटं बोलली होती आणि मग आम्ही दोघी महिनाभर त्या खोट्यापायी काळजी करत होतो, हे लक्षात आल्यावर मला बोलवेना. ती रडायला लागली, मग मीही. नातीने दोघींना एकेक टिश्यू आणून दिला.

डॉक्टरांना कळवलं. त्या रागावल्या नाहीत, पण लगेच सुटकाही केली नाही. इंजेक्शनातल्या अँटीबॉडी आणि शरीराने स्वतः बनवलेल्या अँटीबॉडी तपासणीत सारख्याच दिसतात, असं म्हणाल्या. आकडा उतरला तर त्या पुण्याच्या. चढला तर मुलीच्या स्वतःच्या. म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. या खेपेला आशा होती, आणि माझ्या अनुभवाने आशा असली की झोप आणखीच लागत नाही.

आकडा उतरला. त्याच्या पुढच्या वेळी काहीच सापडलं नाही. जावयाने ते मोबाइलवर मला दाखवलं तेव्हा मी त्याच्या हातातून मोबाइल घेऊन नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तरीही बाळ हातात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑगस्टात बाळ झालं. मुलगी. मी आधी तिचे डोळे बघितले, मग तळवे, मग नाकाचा शेंडा हलकेच दाबून त्वचेचा रंग बघितला. नर्सने विचारलं, काय बघताय? म्हटलं, काही नाही.

आईशी मी इतके महिने रोज बोलत होते, पण तो विषय तोंडावर येत नव्हता. ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे, पुण्यात एका सांभाळणाऱ्या बाईबरोबर राहते. बाळ घरी आल्यावर रविवारी सकाळी आम्ही मुलीच्या स्वयंपाकघरातून तिला व्हिडिओ कॉल लावला. बाळाला बघून झालं, रंग कुणाचा, नाक कुणाचं झालं. मग तिने विचारलं, "थोरलीच्या पाठीवर गूळ फोडलात का?"

"आई, मुलगी झालीये. तो मुलगा झाल्यावर फोडतात."

"कोण म्हणतं? मोठ्या जाऊबाई? त्या गेल्या केव्हाच."

सगळे हसले. मुलीकडे गूळ होता, पण भुकटी केलेला. जावई इंडियन स्टोअरमध्ये जाऊन छोटी ढेप घेऊन आला. नातीला ओणवं केलं, पाठीवर खडा ठेवला, मुलीने वरून हलकी मूठ मारली. नात किंचाळून हसली आणि "अगेन!" म्हणाली. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुला सगळं माहीत होतं."

तिला कळलं. फोन अगदी तोंडाजवळ धरायची तिला सवय आहे, त्यामुळे तिचे डोळे आणि कपाळच तेवढं दिसत होतं.

"डॉक्टरीणबाई बोलली वाटतं," ती म्हणाली. "तुला सांगून काय करायचं होतं? तू लगेच स्वतःवर घेतलं असतंस. लहानपणापासून तुला सगळं स्वतःवर घ्यायची खोड."

"पण काकू म्हणायच्या ते एका परीने खरंच..."

"काही खरं नव्हतं," आई म्हणाली. मोठ्या काकूंसमोर ती कधी इतकं मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. "ती गेली, मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. पण दर वेळी दवाखान्यातून घरी आले की दारात तू असायचीस. तू नसतीस तर मी घरी आलेच नसते. आता वळ."

"काय?"

"वळ म्हणते ना. पाठ कर इकडे."

मुलीने ढेपेचा एक खडा घेतला आणि फोन जावयाच्या हातात दिला, माझ्या आईला दिसेल असा. साठी ओलांडलेली मी ओट्याला हात टेकून ओणवी झाले. पाठीवर खडा टेकला. मुलीने मूठ मारली, पण जपून मारली, गूळ काही फुटला नाही.

"जरा जोरात मार ग," आई पुण्याहून म्हणाली, "तिला लागत नाही."

दुसऱ्यांदा फुटला.